लसीकरण: सांगली जिल्ह्यातले आईवडील आणि घरातली मोठी माणसं नेहमी विचारतात ते प्रश्न

लसीच्या रांगेत बाळ रडत असतं, मागे दहाजणी उभ्या असतात, सिस्टर घाईत असतात. अशा वेळी मनातला प्रश्न मनातच राहतो, आणि घरी गेल्यावर शेजारीण सांगेल तेच खरं धरलं जातं. म्हणून हे पान. प्रश्न शक्यतो लोक विचारतात त्याच शब्दांत ठेवले आहेत. बाळाला जन्मजात काही आजार असेल, कोणाची केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर मात्र लस घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

दीड महिन्याची लस चुकली. आता बाळ पाच महिन्यांचं आहे. सगळं पहिल्यापासून करावं लागेल का?

नाही. हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून सर्वात आधी घेतला. एकदा घेतलेला डोस वाया जात नाही. मध्ये कितीही खंड पडला तरी जिथे थांबलात तिथून पुढे सुरू करायचं. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे हवेत. जास्त झाले तर बिघडत नाही. फक्त मधल्या काळात बाळाला त्या रोगांपासून संरक्षण नसतं, म्हणून आणखी उशीर नको.

आपल्याकडे खंड का पडतो हेही ठाऊक आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. जन्मताच्या लसी तिथल्या दवाखान्यात होतात. सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. मग बारसं, मग चांगला दिवस बघून सासरी पाठवणी, आणि या सगळ्यात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तिन्ही डोस अडकतात. माहेरच्या आशाताईंना वाटतं बाळ सासरी गेलं, सासरच्या आशाताईंना बाळ आलंय हेच माहीत नसतं. पाठवणीच्या वेळी बाळंतविड्याबरोबर लसीचं कार्डही पिशवीत टाका आणि सासरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात अंगणवाडीत नाव सांगा.

काही लसींना मात्र वयाची मर्यादा आहे. हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळ ब चा जन्मताचा डोस २४ तासांच्या आत आणि पोलिओचा शून्य डोस १५ दिवसांच्या आत द्यावा लागतो. बीसीजी म्हणजे क्षयरोगावरची लस वर्षाच्या आत. रोटाव्हायरस (जुलाबावरची लस) आणि पेंटाव्हॅलंट यांचा निदान पहिला डोस तरी वर्षाच्या आत व्हावा. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) सात वर्षांपर्यंत देता येते. तुमचं मूल या मर्यादेच्या आत असेल तर उद्याच जा. मर्यादा ओलांडली असली तरी जा, कारण बाकीच्या लसी देता येतात. उशीर झाला म्हणून रागावतील या भीतीने पुष्कळ जणी येत नाहीत. रागावलं तर ऐकून घ्या, पण बाळाला लस देऊनच परत या.

कोणत्या वयाला कोणती लस?

सरकारी वेळापत्रक असं आहे. जन्मताच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब. ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसचा डोस. त्यातल्या ६ व्या आणि १४ व्या आठवड्याला पोलिओचं छोटं इंजेक्शन आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) लसही असते. ९ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेला दुसरा, डीपीटी बूस्टर, पोलिओ बूस्टर. ५ ते ६ वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर. मग १० आणि १६ वर्षांना टीडी (धनुर्वात आणि घटसर्प). जपानी मेंदूज्वराची लस ठरावीक जिल्ह्यांतच दिली जाते.

पेंटाव्हॅलंट म्हणजे एका सुईत पाच रोगांवरची लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर.

दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा डोस सर्वात जास्त विसरला जातो. बाळ चालायला लागलं, आजारी पडत नाही, की घरच्यांना वाटतं लसी संपल्या. घटसर्प आणि डांग्या खोकल्याविरुद्धची ताकद हळूहळू कमी होते, म्हणून बूस्टर असतात.

एका दिवशी तीन-तीन सुया? एवढंसं बाळ, सोसेल का?

सोसतं. बाळ रोज जमिनीवरून, हातातून, तोंडातून हजारो जंतूंना सामोरं जातं. त्यापुढे लसींचा भार फार लहान आहे. तीन सुया तीन वेगळ्या दिवशी दिल्या तर बाळ तीनदा रडेल, तुमचा तीनदा रोजगार बुडेल आणि एखादी लस राहण्याची शक्यता वाढेल. सुई टोचताना बाळाला छातीशी घ्या, अंगावर पाजत असाल तर पाजा. लसीच्या आधी-नंतर दूध बंद ठेवायचं कारण नाही. पोलिओ किंवा रोटाव्हायरसच्या थेंबांनंतरही लगेच पाजता येतं.

लसीनंतर ताप आला. काय करू?

पेंटाव्हॅलंट किंवा डीपीटीनंतर एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज, चिडचिड होते. शरीर लस ओळखतंय त्याचा तो भाग आहे. पॅरासिटामॉल बाळाच्या वजनावर द्यायचं असतं: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर. बाटल्यांमध्ये औषधाचं प्रमाण वेगवेगळं असतं, म्हणून "मागच्या वेळी अर्धा चमचा दिला होता" हा हिशेब धरू नका. किती मिलिलिटर ते सिस्टरकडून कार्डावरच लिहून घ्या. ताप नसताना आधीच औषध पाजून ठेवू नका. सुजेवर थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवा. हळद, तेल, शेक, चोळणं काही नको. बाळाला गुंडाळून ठेवू नका, सुती झबलं पुरे.

गोवर-रुबेलाच्या लसीचं वेगळं आहे. तिचा ताप सात ते बारा दिवसांनी येतो आणि कधी अंगावर फिकट पुरळही उठतं. तोवर लस घेतलेली घरच्यांच्या लक्षातही नसते. दोन-तीन दिवसांत ते जातं आणि त्यापासून दुसऱ्याला गोवर होत नाही.

लगेच दवाखाना कधी गाठायचा? बाळ तीन तासांहून जास्त वेळ न थांबता रडत असेल, झटका आला, अंग ढिलं पडलं, श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, किंवा ताप दोन दिवसांनंतरही उतरत नसेल, तर. तीव्र ॲलर्जी फार दुर्मीळ आहे, पण ती बहुतेक पहिल्या काही मिनिटांत दिसते. लसीनंतर अर्धा तास थांबायला सांगतात ते यासाठीच. एसटी चुकेल म्हणून उठून जाऊ नका.

बीसीजीच्या जागी फोड आला, पू आला. आणि आमच्या थोरल्याला वणच उठला नव्हता, मग त्याला लस लागू झाली नाही का?

डाव्या दंडावर दोन-चार आठवड्यांनी गाठ येते, ती फुटते, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत छोटा वण राहतो. हे सगळं अपेक्षित आहे. दाबू नका, मलम लावू नका, अंघोळ नेहमीसारखी घाला. काखेत मोठी गाठ झाली किंवा ती फुटली तर दाखवा. वण उठला नाही तरी बीसीजी पुन्हा देत नाहीत.

सर्दी-खोकला असताना लस द्यावी का?

द्यावी. साधी सर्दी, खोकला, थोडे जुलाब, अंगाला कणकण, अँटिबायोटिक चालू असणं, बाळ कमी वजनाचं असणं, यातलं काहीही लस पुढे ढकलायला पुरेसं कारण नाही. जास्त ताप असेल, बाळ निपचित असेल, दाखल करावं लागेल असा आजार असेल, तर बरं झाल्यावर. लहान मुलांना वर्षात अनेकदा सर्दी होते. ती पूर्ण जाण्याची वाट बघाल तर लस कधीच होणार नाही.

"आज बीसीजी मिळणार नाही, अमुक वारी या" असं का सांगतात? लस तर फ्रीजमध्ये असते.

बीसीजीची एक बाटली अनेक बाळांसाठी असते आणि एकदा पाणी घालून विरघळवली की चार तासांत संपवावी किंवा फेकावी लागते. गोवर-रुबेलाचंही तसंच. म्हणून काही ठिकाणी चार-सहा बाळं एका दिवशी बोलावतात. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, टीडीसारख्या बाटल्या नियम पाळले तर २८ दिवस वापरता येतात. तुम्ही जतच्या टोकाच्या वाडीवरून आला असाल तर तसं स्पष्ट सांगा. एका बाळासाठी बाटली उघडली तरी चालते. लस वाया जाण्यापेक्षा बाळ लसीविना परत जाणं वाईट.

सरकारी दवाखान्यातली लस हलकी असते का?

नाही, आणि हा समज मला मनापासून खटकतो. सरकारी लसी तपासून, २ ते ८ अंश तापमानात वरपासून खालपर्यंत साखळीने येतात. बाटलीवर एक चौकोन असतो. लसीला ऊन-उष्णता लागली की तो गडद होतो, आणि भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली वापरत नाहीत. तुम्ही तो चौकोन दाखवा म्हणू शकता. खेड्यातल्या उपकेंद्रावर सिस्टर लसीची पेटी उन्हातून कशा सांभाळून आणतात ते एकदा बघा.

खाजगीत "न दुखणारी" म्हणून जी लस मिळते तिच्यात डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या पद्धतीने बनवलेला असतो. तिच्याने ताप कमी येतो हे खरं. पण सरकारी, थोडा ताप आणणाऱ्या लसीचं डांग्या खोकल्याविरुद्धचं संरक्षण जास्त टिकतं. पैसे असतील म्हणून ती घ्यावीच असं नाही.

मग खाजगीतल्या जास्तीच्या लसींपैकी कोणत्या घ्याव्यात?

सरकारी यादी पूर्ण करणं पहिलं. त्यानंतर हाताशी पैसे असतील तर माझ्या मते टायफॉइडची कॉन्जुगेट लस (नऊ महिन्यांच्या आसपास), गालगुंडाचाही समावेश असलेली एमएमआर, आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांना दरवर्षी फ्लूची. कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए त्यानंतर. कर्ज काढून कोणतीही खाजगी लस घेऊ नका.

गोवर देवीचा असतो, निघून जातो. त्याला लस कशाला?

अंगावर गोवर निघाला की कडुनिंबाचा पाला ठेवणं, घरात फोडणी न देणं हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. श्रद्धा ठेवा, पण बाळाला दवाखान्यातही न्या. गोवर हा हवेतून पसरणारा विषाणू आहे. रोगी खोलीतून गेल्यानंतरही तो दोन तासांपर्यंत तिथे राहू शकतो, आणि संरक्षण नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो गाठतो. पुरळ जातं, पण मागून न्यूमोनिया, कानातून पू, कधी मेंदूला सूज येते. शिवाय गोवर शरीराची आधीची रोगप्रतिकारक आठवण बऱ्याच प्रमाणात पुसून टाकतो, त्यामुळे पुढचे कित्येक महिने मूल दुसऱ्या आजारांना बळी पडतं. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगाव इथे गोवराची साथ आली आणि मुलं दगावली. गोवर झालाच तर अ जीवनसत्त्वाचे दोन डोस दोन दिवस लागोपाठ द्यायचे असतात. डोळे आणि जीव दोन्ही वाचवण्यासाठी ते महत्त्वाचे आहेत.

रुबेला मुलांना सौम्य असतो. गरोदर बाईला पहिल्या महिन्यांत झाला तर मात्र बाळ बहिरं, मोतीबिंदू किंवा हृदयदोष घेऊन जन्मू शकतं. मुलग्यांनाही ही लस देतात ती त्या न जन्मलेल्या बाळांसाठी.

लसीमुळे ऑटिझम होतो असा व्हिडिओ आला होता.

१९९८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने बारा मुलांवर निबंध लिहून एमएमआर लसीवर संशय घेतला. त्यातली माहिती फिरवलेली निघाली, २०१० मध्ये मासिकाने निबंध मागे घेतला आणि त्या डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची पाहणी झाली. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही. ऑटिझमची लक्षणं साधारण दीड वर्षाच्या सुमाराला लक्षात येतात आणि लसही त्याच वयात असते, म्हणून आईच्या मनात दोन्हींची गाठ पडते. ती शंका समजण्यासारखी आहे. मूल नजर देत नसेल, बोलत नसेल तर लवकर तपासा, पण लस थांबवू नका.

आमचं कुटुंब गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परराज्यात असतं. तिकडे लस चालेल का?

चालेल. विटा, खानापूर, आटपाडी भागातली कितीतरी मुलं अशी देशभर वाढतात. राष्ट्रीय वेळापत्रक सगळीकडे एक आहे आणि सरकारी लस कुठेही मोफत मिळते. रेशनकार्ड कुठलं ते विचारत नाहीत. यू-विन या सरकारी लसनोंदणीच्या पोर्टलवर मोबाईल नंबरने नोंद झाली असेल तर कार्ड नसलं तरी पुढची तारीख कळते. नोंद करताना सतत बदलणारा नंबर देऊ नका.

हेच ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांना, वीटभट्टीवर राहणाऱ्यांना आणि मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर बांधवांना लागू आहे. तुमच्या शेतात टोळी उतरली असेल आणि कोपीत लहान लेकरं असतील, तर गावच्या आशाताईंना एक फोन करा. त्या मुलांच्या लसी राहिलेल्या असण्याची शक्यता खूप असते, आणि त्यांच्या आईला कुठे जायचं हे माहीत नसतं.

पुरात लसीचं कार्ड वाहून गेलं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या गावांतून हा प्रश्न फार आला. लस जिथे घेतली तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असते. तिथून नवं कार्ड भरून मिळतं. नोंदच सापडली नाही तर लस झालीच नाही असं धरून पुन्हा देतात. एखादा डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही. नवं कार्ड मिळालं की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून घरच्या दोघातिघांना पाठवून ठेवा.

पोलिओ संपला ना? मग रविवारचे थेंब कशाला?

भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे. नेहमीचे डोस पूर्ण असले तरी मोहिमेतले थेंब पाच वर्षांखालच्या मुलांना द्या.

मुलीला एचपीव्हीची लस द्यावी का? लग्नाआधीच कशाला तो विषय?

द्यावी. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, आणि भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो होतो. विषाणूशी संबंध येण्याआधी लस दिली तर ती सर्वात जास्त उपयोगी पडते, म्हणून ९ ते १४ हे वय. या वयात दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने देतात. पंधरानंतर सुरू केली तर तीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून वीस वर्षांपर्यंत एकच डोसही पुरेसा मानला आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे. सरकारी केंद्रात कोणत्या वयाच्या मुलींना मोफत मिळते ते आशाताईंना किंवा शाळेत विचारा. मुलीला "कॅन्सर होऊ नये म्हणून लस" एवढं सांगितलं तरी पुरतं. मोठं झाल्यावर तपासणी मात्र करायचीच.

मोठ्या माणसांना लसी असतात हेच माहीत नव्हतं.

बहुतेकांना नसतं. गरोदरपणात टीडीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने घ्यायचे. मागच्या बाळंतपणात तीन वर्षांच्या आत घेतले असतील तर एक बूस्टर पुरतो. फ्लूची लस गरोदर बाईला आणि तिच्या बाळाला दोघांना उपयोगी पडते. रुबेलाची लस मात्र गरोदरपणात चालत नाही. लग्न ठरलेल्या मुलीने आधी घ्यावी आणि नंतर एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत.

घरात साखर असलेले, दमेकरी, हृदयाचे किंवा किडनीचे रुग्ण असतील, किंवा पासष्टी ओलांडलेले आजी-आजोबा असतील, तर दरवर्षी पावसाळ्याच्या आधी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोकोकल घ्या. नातवाच्या कार्डावर एकही रकाना रिकामा नसतो आणि आजोबांच्या न्यूमोनियावर मात्र हप्ते भरले जातात, असं पुष्कळ घरांत बघायला मिळतं. कावीळ ब ची लस लहानपणी झाली नसेल तर ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. डायलिसिसवर असलेल्यांनी आणि घरात कोणाला कावीळ ब असेल तर बाकीच्यांनी ती टाळू नये.

नागिणीवर लस आहे म्हणतात?

आहे. पन्नाशीनंतर घेतात, दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे. नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातो हे खरं नाही. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू नसेत दडून बसतो आणि तो पुन्हा उठतो. पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांत औषध सुरू झालं तर पुढचं दुखणं बरंच कमी होतं.

कोविडच्या लसीने तरुणांना हार्ट अटॅक येतात का?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १८ ते ४५ वयाच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. काही लसींनी फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या झाल्या हे खरं आहे, पण त्या डोसानंतरच्या पहिल्या आठवड्यांत. आज छातीत दुखत असेल तर लसीला दोष देत बसू नका, ईसीजी काढा.

विळा लागला, खिळा घुसला, की दर वेळी टीटी घ्यायचं का?

दर वेळी नाही. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसानंतर दहा वर्षं आणि शेणामातीच्या जखमेला पाच वर्षं झाली असतील तरच. आता टीटीऐवजी टीडी मिळते, तिच्यात घटसर्पाचंही संरक्षण आहे. आधी किती डोस झाले ते आठवतच नसेल तर घ्या.

कुत्रं चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात का?

ती पद्धत कधीच बंद झाली. आता दंडावर लस देतात: त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

पण लसीच्या आधी, घरीच, नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा. विषाणू धुऊन काढण्याची ती सर्वात चांगली वेळ असते. मिरचीपूड, चुना, हळद, तंबाखू काही भरू नका आणि पट्टी आवळू नका. नुसतं चाटलं आणि कातडी धड असेल तर लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा असेल तर लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत भरायचं वेगळं औषध, रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, लागतं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर सांगली किंवा मिरज सिव्हिलला जायला सांगतात, तेव्हा "एक इंजेक्शन झालंय ना" म्हणून घरी परतू नका. चेहऱ्यावर, मानेवर किंवा बोटांना चावलं असेल तर तासाचाही उशीर नको.

कुत्रं पाळीव आहे, पिल्लू आहे, दहा दिवस लक्ष ठेवू, असं म्हणून थांबू नका. लस सुरू करा आणि लक्षही ठेवा. मांजर, माकड, कोल्हा चावला तरी हेच. गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांनाही लस चालते. आठवडे उलटले असतील तरी या, कारण लक्षणं यायला साधारण एक ते तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. आणि एकदा लक्षणं दिसली की हा रोग जवळपास नेहमीच जीव घेतो. मांत्रिकाकडे किंवा उतारा उतरवायला गेलेला वेळ परत मिळत नाही. पूर्वी कोर्स पूर्ण झाला असेल आणि पुन्हा चावलं तर फक्त दोन डोस लागतात, ० आणि ३ ऱ्या दिवशी. जुना कागद जपून ठेवा.

आमच्या म्हशीला पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि आम्ही तिचं दूध प्यालो.

उकळलेलं दूध, चहा, त्या दुधाचं दही-ताक यांनी रेबीज होत नाही. सगळ्या घराने लस घ्यायची गरज नाही. त्या म्हशीचं दूध यापुढे वापरू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, जनावरांनाही चावल्यानंतरची लस असते. म्हैस लाळ गाळत असेल, घास गिळत नसेल तर घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालू नका. कोणी घातला असेल आणि हाताला जखम किंवा ओरखडा असेल, तर त्या माणसाने हात साबणाने धुवावा आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.